‘शक्यता’ म्हणजे किती आणे?

समजा, एप्रिलचे दिवस आहेत. निमोण्यात एका वस्तीवर उन्हाळी कांदा काढून पातीखाली झाकून रानातच सुकत टाकला आहे. दुपार कलली, वारा पडला आणि आभाळात काळे ढग जमू लागले. सून मोबाईल पाहून सांगते, “आबा, उद्यासाठी ‘रेन लाइकली’ लिहिलंय.”

“म्हणजे येणार का नाही?”

“शक्यता आहे म्हणतात.”

“अगं, शक्यता तर रोजच असती! किती आहे ते सांग.”

असा संवाद शिरूर-दौंड भागातल्या कितीतरी घरांत होत असेल. सुनेने इंग्रजीचा अर्थ बरोबर सांगितला आणि आबांनी प्रश्नही बरोबर विचारला. कांदा आज उचलायचा, की मजुरी वाचवून आणखी दोन दिवस सुकू द्यायचा, हे त्या एका ‘किती’वर ठरते. ‘शक्यता’ या शब्दात तो ‘किती’ मावत नाही. मूळ इंग्रजीत मात्र तो असतो. मराठीत येता येता गळून पडतो. तो कसा पकडून ठेवायचा, ते आज पाहू.

इंग्रजीत शक्यतेचे शब्द पुष्कळ आहेत. पॉसिबल, प्रॉबेबल, लाइकली, अनलाइकली, परहॅप्स, मेबी, मे, माइट. शाळेच्या शब्दकोशात पोरे हे शब्द शोधतात तेव्हा समोर शक्य, संभाव्य, संभवनीय, कदाचित अशी मराठी नावे दिसतात आणि वाटते की सगळे एकाच माळेचे मणी. ते तसे नाहीत. ‘पॉसिबल’ म्हणजे घडायला आडकाठी नाही, एवढेच. माघात गारा पडणे पॉसिबल आहे, विहिरीला पहिल्या परसालाच पाणी लागणे पॉसिबल आहे. त्यात प्रमाण काहीच नाही. ‘प्रॉबेबल’ म्हणजे घडण्याकडे पारडे झुकलेले, निम्म्याहून जास्त. हा शब्द लॅटिनमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ पटण्याजोगे, सिद्ध करता येण्याजोगे असा होता. ‘लाइकली’ बोलण्यात साधारण प्रॉबेबलच्याच वजनाचा. पण वेधशाळेच्या कागदावर त्याचे वजन वेगळे आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या अंदाजपत्रकात या शब्दांचे कोष्टक ठरलेले आहे. घटना घडण्याची शक्यता २५ टक्क्यांहून कमी असेल तर ‘अनलाइकली’. २५ ते ५० टक्के असेल तर ‘लाइकली’. ५० ते ७५ टक्के असेल तर ‘व्हेरी लाइकली’, आणि ७५ टक्क्यांच्या वर ‘मोस्ट लाइकली’. म्हणजे नुसते ‘लाइकली’ लिहिले असेल, तर वेधशाळेच्या मते पाऊस येण्यापेक्षा न येण्याचाच संभव जास्त, फार तर बरोबरीचा! आपण मात्र ‘शक्यता आहे’ ऐकून पाऊस धरून चालतो; तो आला नाही की वेधशाळेला नावे ठेवतो.

आता गंमत पाहा. २५, ५०, ७५ हे आकडे मोबाईल पाहणाऱ्या नातवाला टक्केवारी म्हणून कळतात. पण आबांच्या पिढीला ते याहून जवळचे आहेत. चार आणे, आठ आणे, बारा आणे. आपल्या देशात १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया गेला. पण आणे भाषेतून गेले नाहीत. ‘सोळा आणे खरं’ असे आपण अजून म्हणतो. पिकाचा अंदाज महसूल खाते आण्यांतच मांडत असे. त्या आणेवारीची पुढे पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या खाली आकडा आला की गावाला टंचाईच्या सवलतींची आशा, हे गणित घराघरांत पाठ झाले. दुष्काळ जाहीर करण्याचे निकष नंतर बदलले, तरी आणेवारी हा शब्द पारावर अजून चालतो. रानात उभे राहून, पीक हाती येण्याआधीच त्याच्यावर आकडा घालणे हे काम आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. मग पावसावर आकडा घालण्यात अवघड काय आहे?

तेव्हा घरापुरते असे धरावे. ‘अनलाइकली’ म्हणजे चार आण्यांच्या आत. ‘लाइकली’ म्हणजे चार ते आठ आणे. ‘व्हेरी लाइकली’ आठ ते बारा आणे. ‘मोस्ट लाइकली’ बारा आण्यांच्या वर. मराठीत सांगताना पहिल्याला ‘फारशी शक्यता नाही’, दुसऱ्याला ‘शक्यता’, तिसऱ्याला ‘बरीच शक्यता’ आणि चौथ्याला ‘दाट शक्यता’ म्हणावे, असे मला वाटते. बातम्या देणाऱ्या मंडळींनी हे चार शब्द एकमेकांत मिसळू दिले नाहीत तरी अर्धे काम होईल. आज ‘लाइकली’चे भाषांतर कधी ‘शक्यता’, कधी ‘दाट शक्यता’ आणि मथळ्यात तर थेट ‘पाऊस झोडपणार’ असे होते. मथळा करणाऱ्याचे त्यात काही जात नाही.

तुरळक, काही, बऱ्याच, बहुतांश

शक्यतेच्या जोडीला अंदाजात आणखी एक शब्द असतो, तो ठिकाणांचा. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’. हेही वाऱ्यावर सोडलेले शब्द नाहीत. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर ‘तुरळक’, २६ ते ५० टक्के केंद्रांवर झाला तर ‘काही’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘बऱ्याच’ आणि त्यावर ‘बहुतांश’. इथेही तेच चार, आठ आणि बारा आणे. फरक इतकाच की पहिले आणे ‘येईल का’ याचे आणि दुसरे ‘कुठे कुठे’ याचे.

‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ हे वाक्य आता उलगडून वाचा. पाऊस होण्याची शक्यताच चार ते आठ आणे. आणि झाला तरी चारांत एका ठिकाणी. आपल्या वावरात तो पडेल अशी आशा धरायला त्यात फारसा आधार नाही. न्हावऱ्याला सरी आणि निमोण्यात धुरळा, असे झाले तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. तो तसाच सांगितला होता. शिवाय पुणे जिल्हा केवढा मोठा! मुळशी-मावळात छत्री मिटत नाही तेव्हा शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. म्हणून वेधशाळा घाट परिसराचा इशारा आता वेगळा देते. ‘पुणे घाट’ असे लिहिले असेल तर ते आपल्यासाठी नाही, हे पर्जन्यछायेतल्या माणसाने ध्यानात ठेवावे.

मराठीतले दोन जुने शब्द इथे आठवतात. ‘कदाचित’ हा संस्कृतातला शब्द. ‘कदा’ म्हणजे केव्हा, तेव्हा कदाचित म्हणजे केव्हातरी. ‘क्वचित’मधला ‘क्व’ म्हणजे कुठे. क्वचित म्हणजे कुठेतरी. एक काळाचा, दुसरा ठिकाणाचा. वेधशाळेच्या कोष्टकातली दोन खाती आपल्या भाषेत आधीच मांडलेली होती! आणि ‘बहुधा’ म्हणजे मुळात अनेक प्रकारे, पुष्कळ वेळा. जे पुष्कळ वेळा घडले तेच याही वेळी घडेल, असा तो हिशेब.

खेड्यातल्या बोलण्यात तर शक्यता शब्दात कमी आणि शब्दाच्या शेपटीत जास्त असते. ‘पाऊस येईल’ एक. ‘येईलच’ म्हटले की बोलणारा पैज लावायला तयार आहे. ‘येईलही’ म्हटले की त्याने मागे दार उघडे ठेवले. ‘येईलसं वाटतं’ म्हणजे आठ-दहा आणे, आणि चूक झाली तर माझ्या वाटण्याची. ‘येईल म्हणे’ म्हणजे सांगणारा कुणी दुसराच, माझ्याकडे बोट दाखवू नका. ‘आला तर आला’ म्हणजे दोन आणे. एक अक्षर मागे जोडले की वजन बदलते. इंग्रजीला त्यासाठी अख्खा शब्द पुढे आणावा लागतो. म्हणून इंग्रजीवरून मराठी करताना ‘शक्यता आहे’ असा सरकारी साचा वापरला की आपल्याच भाषेची ही बारीक वजने फुकट जातात. आबांना सुनेने ‘येईलही म्हणतात’ असे सांगितले असते तर त्यांना जास्त कळले असते.

एक शब्द, वीस माणसे, वीस अर्थ

शब्दाला आकडा नसला की काय होते याची एक गोष्ट अमेरिकेत घडली. १९५१ साली तिथल्या गुप्तवार्ता खात्याने सरकारला एक अहवाल दिला. रशिया आणि त्याचे मित्र त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला करतील काय, असा प्रश्न होता. आणि हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ मानावी, असे उत्तर होते. अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एक शर्मन केंट. पुढे परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना सहज विचारले, गंभीर शक्यता म्हणजे तुमच्या मनात किती? केंट म्हणाले, पासष्ट विरुद्ध पस्तीस. तो अधिकारी चकित झाला. त्याने याहून खूपच कमी धरली होती. केंटनी मग आपल्याच सहकाऱ्यांना एकेकाला विचारले. त्या सर्वांनी एकत्र बसून तो शब्द मंजूर केला होता. कुणाच्या मनात ऐंशी विरुद्ध वीस, तर कुणाच्या मनात वीस विरुद्ध ऐंशी! म्हणजे एकाचे तेरा आणे आणि दुसऱ्याचे तीन. १९६४ साली केंट यांनी यावर एक लेख लिहून प्रत्येक शब्दाला आकडा ठरवून द्यावा असा आग्रह धरला. ‘प्रॉबेबल’ला त्यांनी ७५ च्या आसपासची जागा दिली. त्यांच्या खात्यातल्या साहित्यिक वृत्तीच्या मंडळींना हे मुळीच आवडले नाही. (हल्ला काही १९५१ मध्ये झाला नाही.)

हवामानवाल्यांनी मात्र हे फार पूर्वी ओळखले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातले डब्ल्यू. ई. कुक यांनी १९०६ मध्ये आपल्या प्रत्येक अंदाजापुढे एक ते पाच असा भरवशाचा अंक लिहिण्याची पद्धत मांडली. पाच म्हणजे जवळजवळ खात्री, चार म्हणजे दहांत एखादी चूक होईल, तीन म्हणजे बरेच संशयास्पद. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पावसाचा अंदाज टक्क्यांत देऊ लागले. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या जागतिक समितीचेही असेच कोष्टक आहे, पण तिच्याकडे ‘लाइकली’ म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर, साडेदहा आणे. आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० टक्क्यांच्या वर. शब्द तोच, पण आपल्या वेधशाळेत चार ते आठ आण्यांचा आणि तिथे साडेदहा आण्यांच्या पुढचा. म्हणून इंग्रजी शब्द ऐकला की तो कोणाच्या वहीतला आहे, हे आधी विचारावे.

आपल्याकडे ही वही जुनी आहे. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. मोसमी पावसाचा पहिला अंदाज हेन्री ब्लॅनफर्ड यांनी ४ जून १८८६ रोजी दिला. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला शिवाजीनगरात आले, आणि त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. कृषी हवामानाची शाखा पुण्यातच १९३२ पासून, आणि शेतकऱ्यांसाठी रेडिओवर हवामान वार्ता १९४५ पासून. निमोण्याहून शिवाजीनगर काही फार दूर नाही. पण त्या इमारतीतला ‘लाइकली’ आपल्या बांधावर येईतो त्याचे आणे वाटेत सांडतात.

तो आकडा काढतात कसा, हेही थोडक्यात सांगतो. आजचे वारे, बाष्प, तापमान गणकयंत्राला देऊन उद्याचे आकाश मांडायला सांगतात. पण आजची मोजणीसुद्धा अगदी तंतोतंत नसते. म्हणून सुरुवातीचे आकडे किंचित किंचित बदलून तेच गणित पुन:पुन्हा करतात. २०१८ च्या जूनपासून आपल्याकडे अशी २१ गणिते एका वेळी करण्याची पद्धत सुरू झाली. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. २१ पैकी ७ गणितांत आपल्या भागावर पाऊस दिसला तर तिसरा हिस्सा, म्हणजे सव्वापाच आणे, ‘लाइकली’. १७ गणितांत दिसला तर तेरा आणे; ‘मोस्ट लाइकली’. अनुभवी अधिकारी त्यावर आपली नजर फिरवतात ती वेगळी. २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकोनापर्यंत उतरणारी नवी प्रणाली सुरू झाली आहे. तरी सहा किलोमीटरच्या चौकोनात किती वाड्या-वस्त्या बसतात ते मोजून पाहा.

टक्के कशाचे?

आकडा दिला की सगळे सुटले असेही नाही. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी पाच मोठ्या शहरांतल्या लोकांना विचारले, ‘उद्या पावसाची ३० टक्के शक्यता’ म्हणजे काय? पुष्कळ जण म्हणाले, उद्या दिवसाचा ३० टक्के वेळ पाऊस पडेल. काही म्हणाले, ३० टक्के भागात पडेल. शिकलीसवरली शहरातली माणसे! खरा अर्थ असा, की उद्यासारखे दहा दिवस घेतले तर त्यांपैकी तीन दिवशी पाऊस होतो.

आपल्याकडचा घोटाळा याहून मोठा आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये बातमी येते, ‘यंदा इतके टक्के पाऊस’. २०२४ साठी १०६ टक्के सांगितले होते आणि देशात १०८ टक्के झाला. हे टक्के शक्यतेचे नाहीत, शंभराच्या वर शक्यता कशी जाईल? ते पावसाच्या मापाचे आहेत. जून ते सप्टेंबर देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘सर्वसाधारण’. ही सरासरी साऱ्या देशाची, मेघालयाची आणि राजस्थानचीही. शिरूरच्या पूर्व पट्ट्यात त्याहून पुष्कळ कमी पडतो हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको.

२०१७ साली या घोटाळ्याची तक्रार पोलीस ठाण्यापर्यंत गेली. हवामान खात्याने जूनमध्ये देशासाठी ९८ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी पेरण्या केल्या, मग पावसाने ताण दिला आणि बी-खताचा खर्च मातीत गेला. जुलैमध्ये त्यांनी दिंद्रूड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. खात्याचे बियाणे आणि औषधे करणाऱ्यांशी संगनमत आहे, असा त्यांचा आरोप होता. त्या वर्षी देशाचा पाऊस शेवटी ९५ टक्के झाला. संगनमताचा आरोप मला पटत नाही. पण तो राग खोटा नव्हता. देशाच्या मापाचा आकडा गावापर्यंत जातो तेव्हा तो कशाचा आहे हे सांगणारे कुणी बरोबर जात नाही. ९८ टक्के ऐकल्यावर शेतकऱ्याला साडेपंधरा आणे भरवसा वाटला तर त्यात त्याची चूक ती काय?

पेरणीच्या बाबतीत आणखी एक. पंचांगातले नक्षत्राचे वाहन किंवा बुलढाण्याकडे अक्षय्य तृतीयेला होणारी भेंडवळची घटमांडणी, यांत आणे नसतात. वाहन बेडूक असेल तर पाऊस, कोल्हा असेल तर हूल. ऐकायला छान वाटते. पण चुकले तर किती चुकले हे मोजायची सोयच त्यात ठेवलेली नाही.

किती आण्यांवर उठायचे?

आता आबांच्या कांद्याकडे येऊ. ‘लाइकली’ म्हणजे चार ते आठ आणे, एवढे कळले. मग कांदा झाकायचा की नाही? हे आभाळ सांगत नाही, आपला खर्च सांगतो. समजा, ताडपत्री आणि दोन माणसांची मजुरी धरून झाकायला १,५०० रुपये लागतात आणि भिजला तर १५,००० रुपयांचे नुकसान आहे. खर्च नुकसानीच्या दहाव्या हिश्शाइतका. मग दहांत एक, म्हणजे दीड-पावणेदोन आण्यांच्या वर शक्यता असली की झाकणेच फायद्याचे. ‘लाइकली’ तर त्याच्या कितीतरी पुढे आहे. पाऊस आला नाही तर ताडपत्रीची मजुरी वाया गेली असे म्हणू नये. ती विम्याच्या हप्त्यासारखी आहे.

पेरणीचे गणित उलटे. बी, खत, पाळी यांचा एकरी खर्च मोठा, आणि आठवडाभर थांबण्याचा तोटा त्या मानाने लहान. तिथे चार-आठ आण्यांवर चाड्यावर मूठ धरू नये. जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्यावर पेरा, असे कृषी खाते दर वर्षी सांगते, ते यासाठीच. पडलेला पाऊस सोळा आण्यांचा, येणारा नाही. फवारणीला मधला हिशेब लागतो. औषध धुऊन गेले तर पैसे गेले, आणि थांबलो तर रोग वाढला. करप्याची सुरुवात असेल आणि पाऊस ‘अनलाइकली’ असेल तर फवारावे, ‘व्हेरी लाइकली’ असेल तर एक दिवस थांबावे. मधल्या दिवसांत ज्याने त्याने आपले पीक पाहावे.

एक शब्द इथे फसवतो. कृषी सल्ल्याच्या इंग्रजी पत्रकात ‘मे’ येतो. शाळेत पोरे ‘मे’चा अर्थ ‘कदाचित’ शिकतात, म्हणून ‘शेतकऱ्यांनी कदाचित फवारणी करावी’ असे काहीतरी विचित्र वाचून दाखवतात. तिथला ‘मे’ शक्यतेचा नाही, मुभेचा आहे. फवारणी करायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विजेच्या बाबतीत मात्र आणे मोजत बसू नये. जीव एका पारड्यात आणि अर्ध्या तासाचे काम दुसऱ्यात. मेघगर्जनेची एक आणा शक्यता असली तरी झाडाखालून निघून घर गाठावे. वेधशाळेचे रंग याच विचाराने ठरतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे आता कृती करा. रंगात नुसती शक्यता नसते, घटना किती नुकसान करणारी आहे तेही मिसळलेले असते.

शक्यतेचे आणे गावकऱ्याला आणखी एका ठिकाणी भेटतात, ते कोर्टात. बांधाचा दावा दिवाणी असेल तर न्यायाधीश पाहतात की कोणाच्या बाजूने संभाव्यतेचे पारडे जड आहे. आठ आण्यांहून थोडे जास्त असले तरी निकाल त्या बाजूला. त्याच बांधावरून मारामारी झाली आणि फौजदारी खटला उभा राहिला तर वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावे लागते, म्हणजे सोळा आण्यांच्या अगदी जवळ. एकाच भांडणात माणूस दिवाणीत हरतो आणि फौजदारीत सुटतो, तेव्हा गाव म्हणते कोर्टाचे काही खरे नाही. वजनाची मापे दोन आहेत, इतकेच.

आणि बियाण्याच्या पिशवीवरचा आकडा तर आपण रोज वापरतो. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के, गव्हाची ८५, कांद्याची ७० असावी लागते. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि ७० उगवले, तर आपण बियाणे खोटे म्हणत नाही. एकरी थोडे जास्त धरतो. वेधशाळेच्या शब्दांचीही अशीच गोणपाट-परीक्षा घेता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पोळ्याची तारीख आणि दुधाचा हिशेब लिहिलेला असतो त्याच चौकोनात, अंदाज ज्या दिवसाचा असेल त्या तारखेला शब्दाचे पहिले अक्षर लिहावे: ‘अ’, ‘ला’, ‘व्हे’ किंवा ‘मो’. त्या दिवशी आपल्या रानात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर त्याला गोल करावा. वेधशाळा पावसाचा दिवस मोजते तो याच मापाने, आणि साधे पर्जन्यमापक गावात एकाकडे असले तरी पुरते. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तेव्हा आठवड्यात दोनदा तरी नोंद करावी. हे काम शाळेतल्या पोरांना दिले तर त्यांचे इंग्रजीही पक्के होते. मृगापासून हस्तापर्यंत तीसेक खुणा सहज जमतात. ‘ला’च्या दहा खुणांत तीन-चार गोल निघाले तर शब्द आपल्या वजनाला खरा, आठ निघाले किंवा एकही निघाला नाही, तर आपल्या शिवारापुरते त्याचे आणे वाढवावे किंवा कमी करावे. मोजायला दिवाळीची सुट्टी बरी पडते, कारण तेव्हा पोरेही घरी असतात आणि ज्वारीची पेरणीही उरकलेली असते.